बेट त्यांचं, सह्या दुसऱ्यांच्या : चागोस, वऱ्हाड आणि आपण

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी एका करारावर सह्या केल्या. हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसची आहेत, हे ब्रिटनने त्यात मान्य केलं. आणि त्याच करारात असंही ठरलं की या बेटांमधलं सर्वात मोठं बेट, दिएगो गार्सिया, ९९ वर्षं ब्रिटनच्याच ताब्यात राहील. त्याबदल्यात ब्रिटन मॉरिशसला दरवर्षी सरासरी १० कोटी १० लाख पौंड देणार. म्हणजे मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा, आणि तळ तिसऱ्याचा, कारण त्या बेटावर लष्करी तळ आहे तो मुख्यतः अमेरिकेचा.

नांदेड-लातूरच्या माणसाला या बेटांचं काय पडलंय, असं कोणीही विचारील. पाऊस, सोयाबीनचा भाव, पोरांच्या ॲडमिशन, हे प्रश्न काय कमी आहेत? बरोबर आहे. पण वाचकहो, या बातमीत एक गोष्ट अशी आहे जी आपल्या मराठवाड्याने स्वतःच्या अंगावर झेललेली आहे. जमिनीचा सौदा झाला, सह्या झाल्या, फोटो निघाले, आणि त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला कोणी विचारलंच नाही. म्हणून ही बातमी आपण नीट समजून घ्यावी असं आम्हाला वाटतं.

बेटं कशी गेली

चागोस हा सुमारे ५८ छोट्या बेटांचा समूह आहे. भारताच्या दक्षिण टोकाच्याही खाली, मालदीवच्या दक्षिणेला. मॉरिशसपासून अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच मळेवाल्यांनी नारळाच्या बागांसाठी तिथे आफ्रिकेतून गुलाम आणले. नंतर ब्रिटिश आले, गुलामी संपली, करारावर मजूर आले, त्यात हिंदुस्थानी लोकही होते. या सगळ्यांतून एक समाज तयार झाला. त्यांची स्वतःची क्रिओल बोली, चर्च, कब्रस्तान, खोबऱ्याचे कारखाने, सगळं होतं. पाच-सहा पिढ्या तिथे गेल्या.

१९६५ साली मॉरिशस अजून ब्रिटिश वसाहत होती आणि स्वातंत्र्याची बोलणी लंडनमध्ये चालू होती. त्याच वेळी अमेरिकेला हिंदी महासागरात तळ हवा होता. ब्रिटनने मॉरिशसच्या पुढाऱ्यांना ३० लाख पौंड देऊ केले आणि ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस बेटं मॉरिशसपासून तोडून एक नवीन वसाहत बनवली. मॉरिशसच्या बाजूने त्या बोलण्यांचं नेतृत्व करत होते शिवसागर रामगुलाम. मॉरिशस १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झाला, पण चागोसशिवाय. साठ वर्षांनी २०२५ च्या करारावर मॉरिशसतर्फे सही केली ती त्यांच्याच मुलाने, पंतप्रधान नवीन रामगुलाम यांनी.

डिसेंबर १९६६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत ५० वर्षांचा करार झाला. वरवर भाडं काहीच नाही. पण क्षेपणास्त्रांच्या खरेदीत अमेरिकेने ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट गुपचूप दिली होती, हे पुढे १९७५ मध्ये बाहेर आलं.

आता बेटावरच्या माणसांचं काय करायचं? कागदोपत्री उपाय काढला गेला. तिथे कायमची वस्ती नाहीच, जे आहेत ते कंत्राटी मजूर, असं जगाला सांगायचं. संयुक्त राष्ट्रांत वसाहतीतल्या लोकांच्या हक्कांचा प्रश्न निघतो, पण लोकच नाहीत म्हटल्यावर हक्क कसले? आणि मग १९६८ ते १९७३ या काळात सगळ्या बेटांवरून माणसं हलवली गेली. कोणी उपचारासाठी मॉरिशसला गेलं होतं, त्यांना परतीच्या जहाजावर चढू दिलं नाही. धान्य-सामान आणणारी जहाजं कमी केली. दिएगो गार्सियावरची पाळीव कुत्री कोंडून मारली. शेवटी राहिलेल्यांना जहाजात भरून मॉरिशस आणि सेशेल्सच्या बंदरावर उतरवलं. एकूण दीड ते दोन हजार माणसं. ना घर, ना काम. पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत त्यांची पुढची पिढी वाढली.

२०१८ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लिझबी एलिसे या चागोसी बाईंचं निवेदन व्हिडिओवर दाखवण्यात आलं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून त्या आपल्या बोलीत बोलल्या. जहाजाच्या पोटात त्यांना भरलं तेव्हा त्या वीस वर्षांच्या आणि गरोदर होत्या. ते मूल वाचलं नाही. कायद्याची मोठमोठी पुस्तकं मांडून बसलेल्या न्यायाधीशांसमोर एका निरक्षर बाईची साक्ष झाली, आणि त्या खटल्यात सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती हीच साक्ष.

एकच राजमुकुट, दोन मापं

याच ब्रिटनच्या ताब्यात दुसरीकडे, दक्षिण अटलांटिक महासागरात, फॉकलंड बेटं आहेत. लंडनपासून बारा-तेरा हजार किलोमीटर लांब. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने ती बेटं घेतली तेव्हा तिथे सुमारे १,८०० माणसं राहत होती, बहुतेक ब्रिटिश वंशाची. त्यांच्यासाठी ब्रिटनने आरमार पाठवलं, युद्ध केलं, २५५ ब्रिटिश सैनिक त्यात मेले. कारण काय सांगितलं? बेटावरच्या लोकांना आमच्याबरोबर राहायचंय, आणि त्यांची इच्छा हाच शेवटचा शब्द.

आणि त्याच १९८२ साली चागोसच्या जवळपास तेवढ्याच माणसांना ब्रिटनने काय दिलं? ४० लाख पौंडांची एकत्रित भरपाई. ती वाटताना लोकांकडून इंग्रजी कागदावर अंगठे घेतले, ज्यात परत जाण्याचा हक्क सोडल्याचा मजकूर होता. वाचता न येणाऱ्याने कशावर अंगठा दिला हे त्याला नंतर कळलं. सावकाराच्या कागदावर अंगठे दिलेल्या शेतकऱ्यांच्या गोष्टी आपल्या भागात ज्यांनी ऐकल्यात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मार्च २०१३ मध्ये फॉकलंडमध्ये सार्वमत घेतलं. ब्रिटनबरोबर राहायचं का? १,५१३ जणांनी होय म्हटलं, फक्त तिघांनी नाही. ब्रिटनने हा निकाल जगभर दाखवला. आम्हाला त्या सार्वमताबद्दल तक्रार नाही. उलट, ते बरोबरच आहे. ज्याला तिथे राहायचंय त्यालाच विचारावं. प्रश्न एवढाच की हीच चिठ्ठी चागोसच्या माणसाच्या हातात आजवर एकदाही का दिली नाही? मानवी हक्कांवर काम करणाऱ्या ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने फेब्रुवारी २०२३ च्या अहवालात या सगळ्या प्रकरणात वंशभेद असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. जुन्या सरकारी टिपणांत या लोकांचा उल्लेख ज्या हेटाळणीने केलाय, तो वाचला तर दुसरा निष्कर्ष निघतही नाही.

कोर्टाची पन्नास वर्षं

चागोसी लोक गप्प बसले नाहीत. आधी बायका रस्त्यावर आल्या, उपोषणं केली. मग ऑलिव्हिए बान्कूल्त नावाचा त्यांचा नेता, व्यवसायाने इलेक्ट्रिशियन, लंडनच्या कोर्टात गेला. नोव्हेंबर २००० मध्ये हायकोर्टाने सांगितलं की लोकांना हाकलणं बेकायदा होतं. सगळ्यांनी आनंद केला. पण २००४ मध्ये सरकारने संसदेला बाजूला ठेवून राणीच्या नावाने हुकूम काढला आणि परतीचा रस्ता पुन्हा बंद केला. २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी तो हुकूम कायम ठेवला. २०१० मध्ये बेटांभोवती सागरी अभयारण्य जाहीर झालं. माशांना संरक्षण मिळालं, पण जी माणसं तिथे मासे धरत होती त्यांना प्रवेश नाही. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ते अभयारण्य ज्या पद्धतीने जाहीर केलं ती पद्धत बेकायदा ठरवली.

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं : १९६५ ची तोडणी कायदेशीर नव्हती, ब्रिटनने लवकरात लवकर ताबा सोडावा. त्याच वर्षी २२ मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ देशांनी मॉरिशसच्या बाजूने मत दिलं, फक्त ६ विरोधात गेले. भारत त्या ११६ मध्ये होता. बरोबर सहा वर्षांनी, पुन्हा २२ मे लाच, करार झाला.

या करारावरून ब्रिटनमध्ये बराच गोंधळ आहे. वाटाघाटी नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने सुरू केल्या. आता तोच पक्ष विरोधात बसून म्हणतो की लेबर सरकारने देशाची जमीन विकली, वर पैसेही आपणच दिले. ब्रिटिश सरकारच्या हिशोबाने आजच्या किमतीत हा खर्च ३४० कोटी पौंडांचा आहे. विरोधक याच्या कितीतरी पट आकडा सांगतात, कारण ते ९९ वर्षांच्या हप्त्यांची सरळ बेरीज करतात. दोन्ही आकडे ऐकताना हा फरक लक्षात ठेवावा. पैशाचा वाद मोठा आहे, पण मूळ दुखणं तिथे नाही.

मूळ दुखणं कुठे आहे हे सहीच्या दिवशीच दिसलं. दिएगो गार्सियात जन्मलेल्या आणि आता ब्रिटनच्या नागरिक असलेल्या दोन बायकांनी कोर्टात अर्ज केला. २२ मे च्या पहाटे अडीचच्या सुमारास न्यायाधीशांनी सरकारला करार पुढे नेण्यापासून तात्पुरतं थांबवलं. सकाळी सुनावणी झाली, दुपारपर्यंत स्थगिती उठली आणि लगेच सही झाली. त्या दोघींचं गाव ज्या कागदात होतं, त्या कागदावर बोलायला त्यांना मिळाली ती एक सकाळ.

करारात काही चांगल्या गोष्टी आहेत, त्या सांगायलाच पाहिजेत. दिएगो गार्सिया सोडून बाकीच्या बेटांवर वस्ती वसवायची मोकळीक मॉरिशसला मिळाली आहे. चागोसी लोकांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी ठरलाय. पण ज्या बेटावर सर्वात जास्त लोक राहत होते तिथे परत जायचं नाही. आणि वाटाघाटीच्या टेबलावर त्यांची स्वतःची खुर्ची नव्हतीच. दोन सरकारं बोलली.

ब्रिटनशी नातं कोणाला हवंय?

इथे एक गोष्ट आपल्याला सोपी करून चालणार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, वसाहतवाल्या ब्रिटनपासून सुटका झाली म्हणजे सगळे चागोसी खूश. तसं नाही. मॉरिशसमधला बान्कूल्त यांचा गट कराराच्या बाजूने आहे. पण लंडनजवळच्या क्रॉली गावात, गॅटविक विमानतळाच्या शेजारी, हजारो चागोसी राहतात. २००२ च्या कायद्याने काहींना आणि २०२२ च्या कायद्याने त्यांच्या वंशजांना ब्रिटिश नागरिकत्व मिळालं. त्यांच्यातले बरेच जण म्हणतात, आमची बेटं ब्रिटनकडेच राहू द्या.

ज्याने हाकललं त्याच्याकडेच का राहायचं? त्यांचं उत्तर विचार करण्यासारखं आहे. ते म्हणतात, मॉरिशसने आम्हाला कधी आपलं मानलं? १९६५ मध्ये बेटं सोडताना विचारलं नाही. १९७२ मध्ये ब्रिटनने आमच्यासाठी दिलेले साडेसहा लाख पौंड वर्षानुवर्षं वाटले नाहीत. पोर्ट लुईच्या वस्त्यांमध्ये आम्हाला हलकं समजलं. आज ब्रिटिश पासपोर्ट आहे, मुलं तिथल्या शाळेत शिकतात, नोकऱ्या आहेत. मग हे नातं तोडायचा हक्क दुसऱ्याला कोणी दिला?

कोणाचं बरोबर? आमचं मत असं की हे ठरवण्याचा अधिकार आमचा नाही, लंडनचा नाही आणि पोर्ट लुईचाही नाही. कायद्याने बेटं मॉरिशसची, हे हेगच्या न्यायालयाने सांगितलंय आणि ते मान्य करावंच लागेल. पण कायद्याची मालकी आणि तिथल्या माणसाची मर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणजे दुसरी आपोआप मिळत नाही.

पैनगंगेच्या पलीकडचा भाडेपट्टा

आता आपल्या दाराशी येऊ. मालकी एकाची, ताबा इंग्रजांचा आणि वर्षाचं भाडं ठरलेलं, हा नमुना आपल्या लोकांना नवीन नाही. नांदेड जिल्ह्यातून पैनगंगा ओलांडली की उमरखेड, पुसद लागतं. हा वऱ्हाड. एकेकाळी तोही निजामाचाच मुलूख होता. इंग्रजांनी हैदराबादेत ठेवलेल्या फौजेच्या खर्चाची थकबाकी दाखवून १८५३ मध्ये वऱ्हाड स्वतःकडे घेतला. निजामाचे दिवाण सालारजंग तो परत मिळवायला अख्खी हयात झटले, मिळाला नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याकडून तो कायमच्या पट्ट्यावर लिहून घेतला. भाडं वर्षाला २५ लाख रुपये. निजामाची मालकी कागदावर शाबूत. बदल्यात निजामाला जी.सी.बी. हा मोठा किताब मिळाला. लोकांनी त्या अक्षरांचा अर्थ लावला, ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे कर्झनला वऱ्हाड देऊन टाकला. १९३६ मध्ये पुन्हा करार झाला, मालकी पुन्हा मान्य झाली आणि निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणू लागले. तो राजपुत्र ज्या मुलखाच्या नावाने ओळखला जायचा, तिथे कारभार इंग्रजांचाच. आणि अमरावती, अकोला, यवतमाळच्या रयतेला १८५३, १९०२, १९३६, तिन्ही वेळा कोणी विचारलं नाही.

चागोसचा करार वाचताना आम्हाला वऱ्हाड आठवतो तो यामुळे. भाडं मिळत राहतं तोपर्यंत मालक खूश, ताबा राहतो तोपर्यंत भाडेकरू खूश.

नातं टिकवायला निघालेला निजाम

वऱ्हाडपेक्षा मोठा धडा पुढचा आहे. निजामाचं इंग्रजांशी नातं १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहापासूनचं. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. पहिल्या महायुद्धात पैसा दिला, त्याबद्दल १९१८ च्या सुमारास मीर उस्मान अली खान यांना ब्रिटिश सरकारचा ‘विश्वासू दोस्त’ असा किताब मिळाला. एवढ्या दोस्तीनंतर त्यांना वाटलं की १९४७ मध्ये ब्रिटन आपल्याला सोडणार नाही. हैदराबाद तेव्हा चारी बाजूंनी हिंदुस्थानने वेढलेलं, जमिनीवरचं बेटच होतं, समुद्रकिनारा नाही, बंदर नाही. निजामाला हवं होतं स्वतंत्र राज्य आणि ब्रिटिश राजमुकुटाशी थेट नातं. सर वॉल्टर मॉन्कटनसारखा नामांकित इंग्रज वकील त्यांनी सल्लागार म्हणून ठेवला.

ब्रिटनने काय केलं? १९४७ च्या कायद्याने संस्थानांशी असलेले सगळे जुने करार संपवले आणि हात झटकले. नवीन डोमिनियन म्हणून मान्यता द्यायला नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारताबरोबर ‘जैसे थे’ करार झाला. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांत धाव घेतली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आल्या, १७ तारखेला सगळं संपलं. दीडशे वर्षांची दोस्ती पाच दिवससुद्धा कामाला आली नाही.

या सगळ्यात नांदेड, लातूर, उदगीर, निलंग्याच्या माणसाला कोणी विचारलं? निजामाने निवडणुकीतून आलेलं जबाबदार सरकार कधी दिलं नाही. स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस तेच मागत होती. ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान यांनी भारतात विलीन व्हा असं उर्दूत निर्भीडपणे लिहिलं, त्यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार मारलं. रझाकारांनी गावोगाव केलेले जुलूम खरे आहेत, ते झाकून ठेवण्यात काही शहाणपण नाही. आणि १७ सप्टेंबरनंतर जे घडलं तेही खरं आहे. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने अंदाज दिला की संस्थानभर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वात जास्त झळ पोचलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, उदगीर-निलंगा बिदर जिल्ह्यात. तो अहवाल अनेक दशकं प्रसिद्ध झाला नाही.

मेले ते कोण? बहुतेक असे, ज्यांनी ना निजामाला सल्ला दिला होता, ना रझाकारांचं कार्ड घेतलं होतं. लंडन-हैदराबादच्या पत्रव्यवहाराशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. राजाने टिकवायला घेतलेल्या नात्याची किंमत रयतेने दिली. आणि त्या नात्यातलं शेवटी काय उरलं? लंडनच्या बँकेतलं एक खातं. २० सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे शरणागतीनंतर तीन दिवसांनी, निजामाचे सुमारे दहा लाख पौंड लंडनमधल्या पाकिस्तानी हायकमिशनरच्या खात्यात गेले. तो दावा एकाहत्तर वर्षं लोंबकळला. २ ऑक्टोबर २०१९ ला लंडनच्या हायकोर्टाने पाकिस्तानचा दावा फेटाळला, तोपर्यंत रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. ती भारत सरकार आणि निजामाच्या वारसांकडे आली. पैशाचा हिशोब लागला. उदगीर-निलंग्याच्या विधवांचा कोणत्या कोर्टात लागला?

आपल्या देशाचीही परीक्षा

चागोसच्या प्रश्नात भारताने मॉरिशसची बाजू घेतली, हे चांगलं झालं. मॉरिशसशी आपलं रक्ताचं नातं आहे. १८३४ पासून साडेचार लाखांच्या आसपास हिंदुस्थानी मजूर तिथे गेले, त्यात कोकणातले मराठी लोकही होते. आजही तिथल्या सरकारी शाळांत मराठी आणि उर्दू, दोन्ही शिकवतात. दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना याचा आनंद वाटणारच.

पण आनंदाबरोबर एक प्रश्नही विचारावा. दिएगो गार्सियाचा तळ राहणार याला भारताचा विरोध नाही, कारण हिंदी महासागरात चीनचा वावर वाढतोय. याच तळावरून २००१ मध्ये अफगाणिस्तानवर आणि २००३ मध्ये इराकवर बॉम्बफेकी विमानं गेली. दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्या कैद्यांना गुपचूप नेणारी दोन अमेरिकी विमानं २००२ मध्ये तिथे उतरली होती, हे ब्रिटिश सरकारने आधी नाकारलं आणि २००८ मध्ये संसदेत कबूल केलं. जिथे राहणारी माणसं नाहीत तिथे पाहणारे डोळेही नसतात. रिकामं बेट लष्कराला सोयीचं असतं ते यासाठी.

मॉरिशसचंच आगालेगा नावाचं दुसरं छोटं बेट आहे, सुमारे तीनशे वस्तीचं. तिथे भारताने लांब धावपट्टी आणि धक्का बांधून दिला, २९ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालं. तिथल्या लोकांना दवाखान्यापर्यंत पोचणं सोपं होईल, असं दोन्ही सरकारं सांगतात. होवो. पण आगालेगाच्या काही लोकांच्या मनात चागोसची भीती आहे. ती भीती खोटी ठरवणं हे आपल्या सरकारच्या हातात आहे. दुसऱ्याला लावलेलं माप स्वतःलाही लावलं तरच त्याला इन्साफ म्हणतात.

कागद सांभाळा

शेवटी एक कामाची गोष्ट. ब्रिटनने चागोसच्या लोकांना ‘तात्पुरते मजूर’ ठरवलं, तर मग हा खोटेपणा उघडा कसा पडला? जुन्या नोंदींमुळे. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या, लग्नाच्या नोंदी, कब्रस्तानातली नावं. आणि पुढे वकिलांना सापडलेली सरकारचीच जुनी टिपणं, ज्यात अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं की इथे पिढ्यांपासून राहणारे लोक आहेत. जन्माची नोंद केलेल्या कोण्या पाद्र्याने कधी स्वप्नातही विचार केला नसेल की शंभर वर्षांनी हे पान कोर्टात जाईल.

आपल्याकडे २०२५ मध्ये उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांवरून राज्यात चौकशा लागल्या, मालेगावपासून धावपळ सुरू झाली, हे आपण पाहिलं. घरात जुना खासरापत्रक, निजामकाळातली उर्दू सनद, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेत पडलेला असतो आणि आपण तो वाळवीला देतो. तो काढा. मोडी किंवा उर्दू असेल तर वाचणारा शोधा. त्याची नक्कल ठेवा. आणि ज्या घरात अठ्ठेचाळीस सालच्या आठवणी सांगणारं कोणी अजून हयात आहे, त्यांच्याजवळ बसून गाव, मोहल्ला, नावं लिहून घ्या. सूड म्हणून नाही. आपण इथलेच आहोत, हे सांगताना तोंडी बोलण्यापेक्षा कागद जास्त बोलतो, म्हणून.

चागोसच्या कराराचं पुढे काय होईल ते लंडनच्या संसदेवर आणि वॉशिंग्टनच्या मर्जीवर आहे. कोणतंही सरकार असो, कोणतंही बेट असो, बातमी वाचताना तीन प्रश्न विचारायची सवय आपल्या पोरांना लावू या : सही कोणी केली? राहतं कोण? आणि राहणाऱ्याला विचारलं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर करार कितीही देखणा असला तरी तो अर्धाच झालेला आहे.